अठरा दिवसांची फेरी

गेल्या हिवाळ्यात आम्ही आमच्या महाविद्यालयातील पन्नासएक मुलामुलींस घेऊन एका लहानशा खेड्यात सात दिवसांच्या श्रमसंस्कार शिबिरास गेलो होतो. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली सुरू झाली तेव्हापासून अशी शिबिरे आपल्याकडे वर्षोवर्ष भरतात, त्यात नवल असे काही नाही. मुलांनी रस्ता झाडला, शाळेच्या भिंती रंगविल्या, सांडपाण्यासाठी शोषखड्डे खणले, रात्री पथनाट्ये केली. निघण्याच्या दिवशी पारावर बसलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याने आम्हांस जवळ बोलावून म्हटले, "मास्तर, पोरं गुणाची हायेत. पर म्होरल्या सालाला हे खड्डे उपसायचे कुणी?" आम्ही काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले व मोटारीत चढलो. प्रश्न मात्र आमच्याबरोबर आला तो आजतागायत गेलेला नाही.

चार दिवस येऊन, होईल तेवढी सेवा करून निघून जाणारा पाहुणा आणि ज्याचे सारे आयुष्य तेथेच जावयाचे आहे असे गाव, यांचा हा संबंध आहे तरी काय? याचा विचार करीत असता आम्हांस दोनशे वर्षांमागील एका फेरीचे स्मरण झाले. ही फेरी अवघी अठरा दिवस चालली. तिचा नायक परदेशी होता, परधर्माचा प्रसारक होता, आणि ती फेरी तो पुरी करू शकला नाही. आपल्या इतिहासग्रंथांत तिला कोणी दोन ओळींपेक्षा अधिक जागा दिलेली नाही. तथापि आमच्या मनातील प्रश्न जितका उघडावाघडा होऊन या फेरीत उभा राहतो तितका तो क्वचितच अन्यत्र आढळेल. म्हणून तिची हकीकत वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

गॉर्डन हॉल यांचा जन्म ८ एप्रिल १७८४ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात एका शेतकरी कुटुंबात झाला. ते विल्यम्स कॉलेजात शिकले व १८०८ साली पदवीधर झाले. याच कॉलेजातील काही विद्यार्थी १८०६ साली पावसाच्या सरीपासून आसरा म्हणून गवताच्या गंजीपाशी बसले असता त्यांनी परदेशी जाऊन धर्मप्रसार करण्याचा संकल्प केला, अशी कथा अमेरिकन मिशनच्या इतिहासात मोठ्या आदराने सांगतात. हॉल त्या बैठकीत नव्हते, परंतु पुढे त्याच विचाराच्या तरुणांत ते मिसळले. १८१० साली तेथे परदेशी मिशनांसाठी एक मंडळ स्थापन झाले आणि ६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलम गावच्या देवळात पाच तरुणांस पाद्रीपणाची दीक्षा मिळाली. जडसन, न्यूएल, नॉट, राइस आणि हॉल हे ते पाच जण होत. निघण्यापूर्वी हॉल व न्यूएल या दोघांनी फिलाडेल्फियास राहून वैद्यकाची व्याख्याने ऐकली होती. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, पुढे तिचे प्रयोजन पडणार आहे.

हे तरुण कलकत्त्यास उतरले तो काळ त्यांस सर्वस्वी प्रतिकूल होता. कंपनी सरकारास पाद्री नको होते. प्रजेच्या धर्मात हात घातला तर व्यापारास व राज्यास धोका, हे त्या सरकारचे धोरण होते. त्यातच १८१२ च्या जूनमध्ये इंग्लंड व अमेरिका यांत युद्ध जुंपले, त्यामुळे पाद्री म्हणून जो संशय होता त्यात शत्रुराष्ट्राचे प्रजाजन म्हणून आणखी भर पडली. त्यांस देश सोडण्याचे हुकूम सुटले. हॉल व नॉट कलकत्त्याहून निसटून ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईस पोहोचले. तेथेही गव्हर्नर सर इव्हॅन नेपियन यांस वरून हुकूम होतेच. एकदा तर हे दोघे अटक चुकविण्यासाठी गुपचूप जहाजाने कोचीनपर्यंत गेले व तेथून परत आणले गेले. हॉल यांनी गव्हर्नरास लिहिलेल्या विनंतीपत्रांत दीनवाणेपणा नाही. आपण ज्या धर्माचे नाव सांगता त्याचेच आज्ञापालन करू पाहणाऱ्यास हाकलून देणे आपल्या सदसद्विवेकास कसे पटते, असा त्यांचा सरळ सवाल होता. इकडे विलायतेत १८१३ च्या सनदी कायद्याने पाद्र्यांस हिंदुस्थानात येण्याची वाट मोकळी झाली आणि या मंडळीस मुंबईत राहण्याची परवानगी मिळाली.

नॉट प्रकृतीच्या कारणाने १८१५ साली परत गेले. न्यूएल यांची तरुण पत्नी हॅरिएट १८१२ सालीच मॉरिशस बेटात वारली होती. ते एकटे १८१४ साली मुंबईस येऊन हॉल यांस मिळाले. पुढील काही वर्षांत या लहानशा मंडळीने केलेले काम थोडे नव्हे. शाळा निघाल्या, १८१७ पासून त्यांच्या छापखान्यातून मराठी पुस्तिका बाहेर पडू लागल्या, १८२४ साली मुलींची शाळा निघाली, आणि नव्या कराराचे मराठी भाषांतर १८२६ साली छापून पुरे झाले. मुद्रणकलेच्या इतिहासात या छापखान्याचे स्थान मोठे आहे. देवनागरी टाइप, खिळे जुळविणारे हात आणि मराठी गद्य छापण्याची सवय या तिन्ही गोष्टी मुंबईत रुजविण्यात त्याचा वाटा आहे.

परंतु ज्या एका हेतूने ही मंडळी सातासमुद्रांपलीकडून आली होती त्याचे फळ विचाराल तर ते जवळजवळ शून्य होते. हॉल तेरा वर्षे मुंबईच्या रस्त्यांवर, बाजारांत, देवळांच्या आवारांत मराठी बोलत उभे राहिले. लोकांनी ऐकले, वाद घातले, हसले, पुस्तके घेतली आणि घरी गेले. बाप्तिस्मा घेणारांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही मोठ्या मुष्किलीने भरली असती. १८२१ साली न्यूएल पटकीने वारले. १८२५ साली हॉल यांनी आपली पत्नी मार्गारेट व दोन मुले यांस मुलांच्या प्रकृतीसाठी अमेरिकेस धाडले. त्यांपैकी एक मुलगा वाटेत जहाजावरच गेला. असा हा एकाकी, चाळिशी उलटलेला माणूस २ मार्च १८२६ रोजी मुंबईहून घाटावर जाण्यास निघाला.

येथे 'फेरी' या शब्दाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. पावसाळा संपल्यावर आणि कडक उन्हाळा लागण्यापूर्वी मुख्य ठाण्यापासून निघावे, गावोगाव एकदोन दिवस मुक्काम करावा, चावडीवर अगर पारावर बसून बोलावे, पुस्तके वाटावी आणि पुढे चालू लागावे, असा पाद्र्यांचा क्रम असे. आपल्या लोकांस हे दृश्य अगदीच अपरिचित होते असे नाही. महानुभावांचे अटन, वारकऱ्यांची वारी, रामदाशांची भिक्षाफेरी, कीर्तनकारांचा गावोगावचा संचार या सर्वांमुळे फिरता धर्मोपदेशक हा मराठी खेड्यास ओळखीचा होता. त्याला बसावयास घोंगडी द्यावी, दोन घटका ऐकावे आणि वाटेला लावावे, ही रीत गावाच्या अंगवळणी पडलेली होती. गोऱ्या पाद्र्यासही खेड्याने बहुधा याच रीतीने वागविले. फरक इतकाच की आपला कीर्तनकार ज्या घरी जेवे त्या घराचे सुखदुःख त्यास उपजतच कळे. पाद्र्यास ते शिकावे लागे.

हॉल यांच्याबरोबर दोन ख्रिस्ती मुलगे होते, पुस्तकांचे गठ्ठे होते आणि औषधेही होती. ते नाशकास पोहोचले. नाशिक मुंबईहून शंभर मैलांहून अधिक दूर. थळच्या घाटातून आगगाडी जावयास अद्याप तीन तपांहून अधिक अवकाश होता. पेशवाई बुडून इंग्रजी अंमल बसला त्यास पुरती आठ वर्षे झाली होती. फाल्गुनाचे दिवस. अशा वेळी हॉल गंगेच्या त्या तीर्थात शिरले तो त्यांस आढळले की गावात पटकीने हाहाकार उडविला आहे. ते पोहोचले त्याच दिवशी दोनशेहून अधिक माणसे दगावली, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे.

ज्या पिढीने ही साथ पाहिलेली नाही तिला दोनशे या आकड्याचा अर्थ कळावयाचा नाही. १८१७ साली बंगालच्या जेसोर भागात जो भयंकर फैलाव झाला तो पुढल्याच वर्षी दख्खनेत व मुंबईत येऊन ठेपला, आणि तेव्हापासून ही आपत्ती पुनःपुन्हा येत राहिली. लोक तिला पटकी म्हणत, महामारी म्हणत, जरीमरी म्हणत. सकाळी धडधाकट असलेला माणूस सायंकाळी सरणावर असे. डोळे खोल जात, आवाज बसे, अंग गार पडे, बोटांची कातडी धुण्यावर बसलेल्या बाईच्या हातासारखी सुरकुते, आणि शुद्ध मात्र बहुधा शेवटपर्यंत कायम राही. मरीआईचा कोप म्हणून गावकरी तिचा गाडा वाजतगाजत शिवेपलीकडे नेऊन सोडीत, पलीकडचे गाव तो आणखी पुढे ढकली. आज आपण या समजुतीस हसतो. परंतु शहाण्या युरोपियन डॉक्टरांजवळ तरी अधिक काय होते? कोणी दूषित हवेस दोष देई, कोणी उष्म्यास, कोणी कोवळ्या धान्यास. उपाय म्हणून पाऱ्याचे कॅलोमेल, अफूचा अर्क आणि दारू पाजीत. कित्येक जण तर ज्याच्या अंगातील पाणी संपत आले आहे अशा रोग्याची रक्त काढण्यासाठी शीरही तोडीत.

हॉल यांच्यापुढे दोन मार्ग होते. आल्या पावली परतणे हा पहिला. त्यात लाजेसारखे काही नव्हते, कारण त्यांस कोणी तेथे धाडले नव्हते आणि कोणी बोलाविलेही नव्हते. ते परतले नाहीत. फिलाडेल्फियास ऐकलेल्या व्याख्यानांची शिदोरी आणि जवळची औषधे यांच्या बळावर ते आजाऱ्यांत फिरू लागले. औषध द्यावे, बोलावे, पुस्तक द्यावे, पुढल्या माणसाकडे जावे, असे काही दिवस गेले. औषधे व पुस्तके बहुतेक संपल्यावर त्यांनी परतीची वाट धरली.

१९ मार्चच्या रात्री ते एका खेड्यात पोहोचले. मिशनच्या कागदांत त्याचे नाव दुर्ली-धापूर असे येते. रात्र बरीच झाली होती. एका देवळाच्या ओसरीवर चटई टाकून ते निजले. पहाटे चारच्या सुमारास पुढील प्रवासाची तयारी करण्यास उठले तो पटकीने त्यांस गाठले. उरलेसुरले औषध त्यांनी घेतले, ते पोटात ठरले नाही. आपण आता वाचत नाही हे त्यांनी मुलांस शांतपणे सांगितले, आपले घड्याळ, कपडे आणि देह यांची काय व्यवस्था करावयाची तेही सांगितले. भोवती जमलेल्या गावकऱ्यांशी ते शक्ती होती तोवर बोलले, आणि अखेरीस तीन वेळा ईश्वराचा जयजयकार करून, रोग लागल्यापासून आठ तासांत, भर दुपारी त्यांनी प्राण सोडला. त्यांस बेचाळीस वर्षे पुरी होण्यास तीन आठवडे उरले होते.

जो माणूस तेरा वर्षे मूर्तिपूजेचे खंडन करीत फिरला त्यास शेवटचा आसरा मिळाला तो देवळाच्या ओसरीचा. कोणत्या देवतेचे ते देऊळ होते याने काही बिघडत नाही. मुद्दा असा की आपल्या खेड्यात देवळाची ओसरी ही वाटसरूची असते आणि तेथे झोपणाऱ्यास त्याचे मत काय हे कोणी विचारीत नाही. हॉल यांनी गावास जे द्यावयाचे ते दिले असेल नसेल, गावाने त्यांस जे दिले ते या ओसरीच्या रूपाने इतिहासात राहिले आहे.

आणि त्या दोन मुलांचे काय? आमच्या मते या कथेतील खरे धैर्य त्यांचेच. घरापासून दूर, अनोळखी गावात, साथीच्या ऐन भरात आपला गुरू डोळ्यांदेखत गेला. ज्या रोगाच्या भयाने सख्खी माणसे एकमेकांस टाकून पळत, त्या रोगाच्या प्रेताजवळ हे पोरगे थांबले. मोठ्या खटपटीने त्यांनी खड्डा मिळविला, देह एका घोंगडीत गुंडाळला, शवपेटी नव्हती, तसाच तो मातीस दिला, आणि मग ती बातमी घेऊन ते मुंबईस परतले. आपणांस हॉल यांच्या अखेरच्या आठ तासांची जी माहिती आहे ती सर्व त्यांच्या तोंडून आलेली. तरीदेखील चरित्रांत त्यांचा उल्लेख बहुधा 'दोन ख्रिस्ती मुलगे' एवढ्यावरच संपतो. पाहुण्याचे नाव राहते आणि त्यास पोहोचविणाऱ्याचे राहत नाही, हा सेवेच्या इतिहासाचा जुनाच रिवाज आहे.

आता या फेरीचे मोल काय करावयाचे? तिच्यावर तीन आक्षेप घेता येतात आणि तिन्ही वजनदार आहेत.

पहिला आक्षेप औषधाचा. आजच्या ज्ञानाने पाहता हॉल यांनी वाटलेले औषध बहुतांशी निरुपयोगी, प्रसंगी अपायकारकही असले पाहिजे. त्यानंतर पाचसहा वर्षांनीच, १८३१-३२ साली, पुढे हिंदुस्थानात तारायंत्र उभारणारे ओशॉनेसी यांनी दाखविले की पटकीच्या रोग्याच्या रक्तातील पाणी व क्षार निघून जातात. १८३२ मध्येच स्कॉटलंडात लॅटा नावाच्या डॉक्टराने शिरेतून क्षारयुक्त पाणी देऊन पाहिले. परंतु ते ज्ञान अडगळीत पडले. रोग पाण्यावाटे पसरतो हे लंडनच्या स्नो यांनी १८५४ साली सप्रमाण मांडले, जंतू ओळखण्याचे काम कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यास पुरे केले. आणि साखर, मीठ व स्वच्छ पाणी यांचे साधे मिश्रण तोंडाने पाजून हजारो जीव वाचविता येतात हे मोठ्या प्रमाणावर सिद्ध होण्यास १९७१ साल उजाडावे लागले. बांगलादेशच्या निर्वासितांसाठी बंगालमधील बनगावास उघडलेल्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी हा उपाय केला, आणि जेथे शंभरात तीस रोगी दगावत तेथे हे प्रमाण तीनचारांवर आले. जो उपाय कोणत्याही माउलीच्या चुलीजवळ तयार होऊ शकत होता तो कळावयास दीडशे वर्षे लागली. तेव्हा चूक हॉल यांच्या एकट्याची नव्हती, सबंध युगाची होती. तथापि यातून एक बोध निघतो तो असा की चांगल्या मनाने दिलेली वस्तू चांगलीच असते असे नाही. दात्याच्या मनाकडे पाहून घेणाऱ्याचे पोट दुखावयाचे राहत नाही.

दुसरा आक्षेप याहून नाजूक आहे. औषधाच्या एका हाताबरोबर दुसऱ्या हातात पुस्तक होते. मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसापुढे धर्माची गोष्ट काढणे न्याय्य आहे काय? आपल्याकडे या प्रश्नावर पुढे शंभर वर्षे झगडा चालला. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकाठी विष्णुबावा ब्रह्मचारी पाद्र्यांशी भरसभेत वाद घालीत होते तो वाद बरोबरीच्या पायरीवरचा होता. दोन्ही पक्ष सशक्त, दोन्ही पक्षांस उठून जाण्याची मोकळीक. दुष्काळातील भुकेल्यांची अगर साथीतील रोग्यांची गोष्ट तशी नव्हे. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनाच्या सल्लागार मंडळातून १८९३ साली रानडे व भांडारकर यांच्यासारखे उदार पुरुष बाहेर पडले ते याच एका शंकेपायी. आम्ही या बाबतीत हॉल यांचे वकीलपत्र घेत नाही. असहायाची संमती ही पुरती संमती नव्हे, हे तत्त्व आम्हांस मान्य आहे. परंतु न्याय दोन्ही बाजूंनी व्हावयाचा तर हेही सांगितले पाहिजे की हॉल यांच्या दृष्टीने पुस्तक ही औषधाची किंमत नव्हती. ते अधिक मोलाचे औषध, अशी त्यांची प्रामाणिक श्रद्धा होती. श्रद्धा चुकीची असेल, पण ज्याने तिच्यासाठी बायकामुलांचा विरह आणि शेवटी आपला जीव दिला त्यास लबाड म्हणता येत नाही. नाशकातल्या गल्ल्यांत त्यांनी जो धोका पत्करला तो रोग्याच्या बरोबरीचा होता. औषध देणारा आणि घेणारा एकाच मरणाने गेले. त्या घटकेपुरती का होईना, पायरी सारखी झाली.

तिसरा आक्षेप तो पारावरच्या शेतकऱ्याचा. अठरा दिवसांत काय होणार? हॉल गेले, नाशकातील पटकी आपल्या वेळेने ओसरली, पुन्हा आली, पुन्हा ओसरली. फेरीने नाशिक बदलले नाही. हे अगदी खरे आहे. परंतु फेरीने मिशन बदलले असे आमचे अनुमान आहे. पुढील काळाकडे पाहता या मंडळीचा कल वाटसरूपणाकडून वस्तीकडे वळत गेलेला स्पष्ट दिसतो. १८३१ साली अहमदनगरास कायमचे ठाणे झाले. तेथील पहिल्या तुकडीतील हर्वे पुढल्याच वर्षी पटकीने वारले, तरी ठाणे उठले नाही. १८२७ साली अविवाहित, एकटी आलेली सिंथिया फरार ही बाई १८३९ पासून नगरास मुलींच्या शाळा चालवू लागली आणि १८६२ साली तेथेच मरण पावली. पस्तीस वर्षे! जोतीराव फुले यांनी तिची शाळा पाहिली आणि त्यावरून त्यांस पुण्यात मुलींची शाळा काढण्याची स्फूर्ती झाली, ही गोष्ट महशूर आहे. १८४६ साली आलेले फेअरबँक पुढे वडाळ्यास घर करून राहिले. त्यांनी ख्रिस्ती उपदेशास आपल्या कीर्तनाचा साज चढविला आणि दख्खनच्या पक्ष्यांची बारकाईने नोंद केली. ज्यास गावचे पक्षी ओळखता येऊ लागले तो पाहुणा उरला नाही असे आम्ही समजतो. दुसऱ्या एका मिशनचे डॉ. वॉनलेस यांनी मिरजेस १८९२ मध्ये दवाखाना व १८९४ मध्ये रुग्णालय उघडले, ते दक्षिण महाराष्ट्राच्या आरोग्याचे एक केंद्रच बनून गेले. यांपैकी कोणाचेही काम अठरा दिवसांचे नव्हते.

रमाबाईंचे उदाहरण तर या दोहोंच्या सांध्यावर उभे आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या. तो प्रवासही थोड्या दिवसांचाच. पण परत येताना त्यांनी रिकामे हात आणले नाहीत. त्यांच्या प्रयत्नाने सुमारे तीनशे निराधार मुली व विधवा आल्या, आणि त्यांच्यासाठी केडगावास घर उभे राहिले. धर्माविषयी त्यांच्याशी कोणाचे कितीही मतभेद असोत, फेरी आणि जबाबदारी यांतील नाते त्यांनी ओळखले होते हे कबूल करावे लागेल. जे आपण पाहिले त्याचे ओझे आपल्या घरी आणावयाचे, हा त्यांच्या प्रवासाचा अर्थ होता.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र गंगा उलटी वाहू लागली. १९५७ साली जॉर्ज व्हर्वर नावाचा एक अमेरिकन विद्यार्थी दोन मित्रांस घेऊन सुटीत पुस्तके वाटण्यास मेक्सिकोत गेला. अशाच उद्योगांतून पुढे तरुणांच्या अल्पकालीन मिशनफेऱ्यांची मोठी चळवळ उभी राहिली. विमाने स्वस्त झाली, सुट्या ठरलेल्या होत्या. या शतकाच्या आरंभी अमेरिकेतून दरसाल सुमारे १६ लाख ख्रिस्ती माणसे आठपंधरा दिवसांसाठी अशा सेवेस परदेशी जात, असा तेथील एका समाजशास्त्रज्ञाचा अंदाज आहे. १९९८ साली होंडुरास देशात चक्रीवादळाने घरे उद्ध्वस्त झाली तेव्हा असे कित्येक गट तेथे घरे बांधण्यास गेले. एका अध्यापकाने मागाहून हिशेब केला. प्रवासखर्चासह अशा एका घरास सुमारे ३० हजार डॉलर पडले, आणि तेथीलच संस्था तसे घर दोन हजारांत बांधीत होत्या. गावकऱ्यांच्या आयुष्यावर अगर आलेल्या पाहुण्यांच्या पुढील वर्तनावर या भेटीचा टिकाऊ परिणाम त्यास फारसा आढळला नाही. हॉल यांच्या फेरीत आणि या फेऱ्यांत एक मोठे अंतर आहे ते विसरून चालणार नाही. हॉल तेरा वर्षे भाषा शिकून मग अठरा दिवस गेले होते. हे लोक भाषेवाचून जातात आणि परतीचे तिकीट खिशात असते.

परंतु परक्यांकडे बोट दाखवून आपली सुटका होत नाही. आमच्या शिबिराचा हिशेब कोणी केला तर? पन्नास मुलांचे सात दिवसांचे अन्न, मोटारीचे भाडे, फलक, छायाचित्रे, आणि त्यापुढे बारा शोषखड्डे. तितक्या पैशांत गावच्याच दोन गवंड्यांनी पन्नास खड्डे बांधले असते आणि ते उपसावयाचे कसे हेही त्यांसच ठाऊक राहिले असते. मग आम्ही मुलांस नेले कशासाठी? खरे उत्तर असे की गावास आमची गरज होती त्याहून आमच्या मुलांस गावाची गरज अधिक होती. हे उत्तर लाजिरवाणे नाही. लाजिरवाणे आहे ते सेवेचे नाव देऊन ते झाकणे. आपण शिकावयास आलो आहोत असे जर आरंभीच सांगितले असते, तर खड्डा कोठे घ्यावा हे आम्ही ठरविले नसते, त्या म्हाताऱ्यास विचारले असते.

फेरी वाईट नव्हे. जगातील पुष्कळशी दीर्घ सेवा कोणाच्या तरी लहानशा फेरीतूनच उगम पावली आहे. डोळ्यांनी पाहिल्यावाचून मन हलत नाही, आणि पाहावयाचे तर एकदा घर सोडून जावेच लागते. परंतु फेरीस स्वतःचे असे पुण्य नाही. बियाण्याप्रमाणे तिची किंमत पुढील पिकावर ठरते. हॉल यांची फेरी दुर्ली-धापूरच्या मातीत संपली, म्हणून त्यांस पुन्हा जाऊन पाहता आले नाही. आम्हां इतरांस ती सबब नाही.

या लेखाचा समारोप करताना आमच्या डोळ्यांपुढे हॉल येत नाहीत, ते दोन मुलगे येतात. नाशिक त्यांनीही पाहिले, साथ त्यांनीही सोसली, आणि साहेब गेल्यावरही ते याच देशात, याच लोकांत राहणार होते. येत्या हिवाळ्यात आमच्या शिबिरासाठी नवे गाव निवडावे अशी सूचना आली आहे. आम्ही जुन्याच गावी जाण्याचे ठरविले आहे. या खेपेस नवीन काही बांधावयाचे नाही. गेल्या वर्षीचे बारा खड्डे गाळाने भरले असतील ते प्रथम उपसावयाचे, आणि उपसण्याची रीत पारावरच्या त्या वृद्धाकडून शिकून घ्यावयाची.